मूठ आणि मुळासकट निघालेले केस

अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द पेल हॉर्स’ या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयी बरेच दिवस लिहायचे मनात होते. रहस्यकथेविषयी लिहिताना खुन्याचे नाव झाकून ठेवावे असा संकेत आहे आणि एरवी मी तो पाळतो. परंतु या कादंबरीत इतके खून इतके दिवस कुणाच्या नजरेस का आले नाहीत हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर खुनी व त्याचे हत्यार सांगितल्याशिवाय देता येत नाही. ज्यांना ही कादंबरी अजून वाचायची आहे त्यांनी आधी ती वाचावी आणि मग या लेखाकडे वळावे, अशी मनापासून विनंती आहे.

माझे आजोळ दक्षिण कोकणातले. मी नऊ-दहा वर्षांचा असताना तिथे आईचे धाकटे काका दीड महिन्याच्या दुखण्याने गेले. त्या वर्षी बांधावरून भाऊबंदांशी त्यांचा वाद झाला होता, गोठ्याच्या दाराशी सुया टोचलेले लिंबू सापडले होते, आणि त्यांच्यावर मूठ मारली गेली याविषयी घरात कुणालाच शंका नव्हती. मूठ म्हणजे काय हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. इतरांसाठी एवढेच, की शत्रूला हात न लावता, त्याच्या जवळही न फिरकता, मांत्रिकाकरवी दुरून त्याचा जीव घेण्याचा तो प्रकार मानला जातो. पुढे कॉलेजात असताना ही कादंबरी हातात आली, आणि इंग्लंडमधल्या एका खेड्यात तीन बायका पैशांच्या मोबदल्यात नेमके हेच करून देतात हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसून राहिलो.

कथेचा मुख्य निवेदक मार्क ईस्टरब्रुक हा अभ्यासक आहे. तो लंडनच्या चेल्सी भागात राहून मुघल स्थापत्यावर पुस्तक लिहितो आहे. (आपल्याकडच्या वाचकाला हा तपशील उगाचच जवळचा वाटतो.) एका संध्याकाळी कंटाळून तो कॉफी प्यायला बाहेर पडतो. तिथे दोन तरुण मुलींचे भांडण जुंपते आणि एक जण दुसरीचे केस धरून ओढते. केसांचा पुंजका मुळांसकट हातात येतो. मार्क त्या मुलीची चौकशी करतो, तर विशेष काही दुखले नाही, असे ती सहज सांगते. ती मुलगी, थॉमसिना टकरटन, मोठ्या इस्टेटीची वारस असते, आणि काही दिवसांनी तिच्या मृत्यूची बातमी मार्कला वर्तमानपत्रात दिसते. सगळ्या रहस्याची किल्ली ख्रिस्तीबाईंनी पहिल्याच प्रकरणात, दिव्याच्या उजेडात, वाचकाच्या पुढ्यात ठेवलेली आहे. मी पहिल्यांदा वाचताना ती ओलांडून पुढे गेलो. कॉफीच्या दुकानातल्या भांडखोर मुली हे त्या काळच्या लंडनचे वर्णन आहे, असे समजून मी तो प्रसंग सोडून दिला होता.

दुसऱ्या बाजूला फादर गोर्मन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूंना एका मरणासन्न बाईचा कबुलीजबाब ऐकण्यासाठी बोलावले जाते. ही बाई ग्राहकांच्या आवडीनिवडींची पाहणी करणाऱ्या एका संस्थेसाठी घरोघर फिरून प्रश्न विचारण्याचे काम करीत असते. तिने सांगितलेली काही आडनावे फादर एका कागदावर लिहून घेतात आणि खिसा फाटलेला असल्यामुळे तो कागद बुटात सरकवतात. परतीच्या वाटेवर धुक्यात डोक्यावर प्रहार करून त्यांचा खून होतो. बुटातला कागद खुन्याला सापडत नाही, पोलिसांना सापडतो. यादीतली माणसे एकामागून एक मेलेली आहेत, परंतु प्रत्येकाच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण निराळे आणि नैसर्गिक आहे. कुणाच्या बाबतीत न्यूमोनिया, कुणाच्या बाबतीत मेंदूचा विकार, अशी ती कारणे आहेत. यादीतली एक मृत स्त्री मार्कची धर्ममाता निघते, आणि तपासात मदत करणाऱ्या पोलीस सर्जनला, डॉ. कॉरिगन यांना, त्याच कागदावर आपलेही आडनाव दिसते.

मच डीपिंग या खेड्यात ‘पेल हॉर्स’ नावाची एक जुनी इमारत आहे. पूर्वी ती सराय होती. हे नाव बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातले असून तिथे फिकट घोड्यावर बसून मृत्यू येतो. आता त्या घरात थर्झा ग्रे, सिबिल आणि त्यांची स्वयंपाकीण बेला अशा तिघी राहतात. बेला जुन्या वळणाची चेटकीण आहे, तिला पांढऱ्या कोंबड्याचा बळी लागतो. सिबिलच्या अंगात येते. थर्झा मात्र सुशिक्षित आहे आणि आपल्या विद्येला शास्त्राची भाषा देते. प्रत्येक माणसाच्या अंतर्मनात मरणाची एक इच्छा दडलेली असते, ती दुरून जागी केली की शरीर स्वतःच आजार निर्माण करून मरून जाते, अशी तिची मांडणी आहे. तिच्याकडे एक विजेवर चालणारे यंत्रही आहे. कोंबड्याचे रक्त आणि यंत्राची खुंटी एकाच खोलीत शेजारी शेजारी असण्याचा तो प्रसंग मला या कादंबरीत सर्वांत भयंकर वाटतो, कारण कोंबड्यामुळे ज्याचा विश्वास बसणार नाही त्याचा यंत्रामुळे बसेल, अशी तिथे सोय करून ठेवलेली आहे. आपल्याकडेही बुवा मंडळी अलीकडे मंत्रापेक्षा ‘लहरी’ आणि ‘ऊर्जा’ या शब्दांवर अधिक भर देतात, हे ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना थर्झा ग्रे ओळखीची वाटेल.

गिऱ्हाईक मात्र थेट या घराकडे जात नाही. ते बर्मिंगहॅमला ब्रॅडली नावाच्या, सनद गमावलेल्या एका वकिलाकडे जाते. तिथे खुनाचा शब्दही निघत नाही. गिऱ्हाइकाने पैज लावायची, की आपली अमुक नातेवाईक नाताळपर्यंत जिवंत राहील, आणि ब्रॅडलीने उलट पैज लावायची, की ती राहणार नाही. ती मेली की गिऱ्हाईक पैज हरते आणि ठरलेली रक्कम देते. एवढाच व्यवहार. पैज लावणे हा खून नव्हे, कोंबडा कापून मंत्र म्हणणे हाही खून नव्हे, आणि मेलेल्या माणसाला डॉक्टरांनी आजाराने मेल्याचा दाखला दिलेला आहे. यात इंग्लंडच्या कायद्याचाही एक धागा आहे. चेटूक हा खरोखरचा गुन्हा मानून माणसांना फाशी देण्याचे दिवस तिथे १७३५ च्या कायद्याने संपले. चेटकाचा नुसता दावा करणे हा त्या कायद्याने लबाडीचा गुन्हा ठरवला, आणि तोही कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यामुळे १९६१ मधली थर्झा ग्रे पाहुण्यांसमोर आपल्या सामर्थ्याची बढाई निर्धास्तपणे मारू शकते. तिने उघड कबुली दिली तरी ती कोणत्याही न्यायालयात टिकणारी नाही.

अंधश्रद्धेची पार्श्वभूमी असलेल्या रहस्यकथा पुष्कळ आहेत. बहुतेकींमध्ये शापित वाडा किंवा भुताची आख्यायिका वातावरणापुरती असते. शेवटी खिडकी उघडावी तसे ते धुके निघून जाते आणि खाली एक साधा खून उरतो. ‘द पेल हॉर्स’मध्ये करणी हा खुनाच्या यंत्राचा एक चालता भाग आहे, आणि तो भाग भोळ्या माणसाला जितका फसवतो तितकाच न मानणाऱ्यालाही फसवतो, हे मला फार खोल निरीक्षण वाटते. जो करणी मानतो तो घाबरून गप्प बसतो. जो मानत नाही तो हसतो आणि सगळा विषय बाजूला सारतो. दोघांपैकी एकही जण मेलेला माणूस शेवटच्या महिन्यात काय खात होता, तोंडाला काय लावत होता, त्याच्या घरी कोण येऊन गेले, हे विचारत नाही. मी स्वतः महाविद्यालयीन वयात हसणाऱ्यांपैकी होतो आणि ते हसणे म्हणजेच विवेक, अशी माझी समजूत होती. या कादंबरीने ती मोडली. यात मार्कला ढवळून काढते ती खेड्यातल्या पाद्र्याची पत्नी, मिसेस डेन कॅलथ्रॉप. जादू खरी की खोटी या वादात ती अडकत नाही. माणसे मरत आहेत आणि ते थांबले पाहिजे, एवढेच ती धरून बसते.

आणखी एक गोष्ट मला तिसऱ्या वाचनात जाणवली. मंत्रतंत्राने माणूस खरोखर मरतो का, याचे एक शास्त्रीय उत्तर भीती हे आहे. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९४२ साली अशा मृत्यूंवर प्रसिद्ध लेख लिहिला होता, आणि आपल्याला शाप लागला आहे या धसक्याने शरीर कोलमडू शकते असे त्यात मांडले होते. आपल्याकडच्या मुठीतही लिंबू दाराशीच टाकलेले असते, म्हणजे ज्याच्यासाठी ते आहे त्याला ते दिसावे. परंतु या कादंबरीत मरणाऱ्यांना आपल्यावर काही केले गेले आहे याचा पत्ताच नसतो. घाबरायला आधी कळावे तरी लागते. म्हणजे भीतीचा मार्ग बंद झाला, आणि उरले दोनच पर्याय: एक तर थर्झाची विद्या खरी आहे, किंवा कुणीतरी या माणसांच्या शरीरापर्यंत हाताने पोचले आहे. मार्क या दोहोंच्या मधे अडकतो, आणि त्याची मैत्रीण जिंजर त्याची पत्नी असल्याचे सोंग घेऊन, स्वतःला आमिष म्हणून पुढे करून, खरोखर आजारी पडते, तेव्हा या सुशिक्षित माणसाचा पाय डळमळतो. ती प्रकरणे वाचताना मला आजोळच्या ओटीवर बसलेली, हळू आवाजात बोलणारी मोठी माणसे आठवत राहिली. त्या माणसांना मूर्ख म्हणण्याचे धैर्य मला त्यानंतर झाले नाही.

हत्यार निघते थॅलियम. पाहणी करणारी बाई घरी येऊन कोणते क्रीम वापरता, कोणते औषध घेता, कोणते खाद्यपदार्थ आणता हे विचारून जाते. त्यानंतर मीटर तपासणारा किंवा नळ दुरुस्त करणारा म्हणून दुसरेच कुणीतरी येते आणि त्यातली एखादी वस्तू विष मिसळलेल्या तशाच वस्तूने बदलून जाते. पाहणी करणाऱ्या बायांना आपण काय करीत आहोत हे ठाऊक नसते. ज्या बाईला ते उमगले, तिनेच मरताना फादरना नावे सांगितली होती. थॅलियमच्या विरघळणाऱ्या क्षारांना रंग, वास, चव काही नसते. शरीरातल्या पेशी त्याला पोटॅशियम समजून आत घेतात, आणि मग पोट, मज्जातंतू, मेंदू अशा निरनिराळ्या ठिकाणी बिघाड दिसू लागतो, म्हणून प्रत्येक डॉक्टरला निराळा आजार दिसतो. साधारण दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागतात, आणि हीच त्याची खूण. मार्कला त्याच्या लेखिका मैत्रिणीकडून, मिसेस ऑलिव्हरकडून, आणखी एका आजारी बाईचे केस गळाल्याचे कळते, तेव्हा कॉफीच्या दुकानातला तो पुंजका त्याला आठवतो. जिंजर वाचते.

या धातूच्या इतिहासात एक विलक्षण योग आहे. कादंबरीच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८६१ साली, विल्यम क्रुक्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला वर्णपटात एक अनोळखी हिरवी रेघ दिसली आणि त्यावरून त्याने या मूलद्रव्याचा शोध लावला. कोवळ्या हिरव्या फांदीच्या ग्रीक शब्दावरून त्याला थॅलियम हे नाव मिळाले. हाच क्रुक्स पुढे १८७० च्या दशकात मृतात्म्यांना बोलावणाऱ्या माध्यमांच्या बैठकांना जाऊन बसत असे. फ्लॉरेन्स कुक नावाच्या तरुणीच्या बैठकीत प्रकट होणारी आकृती खरी आहे असे त्याने जाहीरपणे लिहिले आणि त्यासाठी सहकाऱ्यांची टीका सोसली. नंतर तो रॉयल सोसायटीचा अध्यक्षही झाला. ख्रिस्तीबाईंच्या मनात हा योग होता की नाही, ते कादंबरीतून दिसत नाही. परंतु अंगात येणाऱ्या सिबिलच्या आड ज्या विषाने माणसे मारली जातात, ते विष शोधणारा माणूसच अशा बैठकांमध्ये रमलेला होता, हे कळल्यापासून मला ही कादंबरी आणखी गडद वाटू लागली.

आणि खुनी कोण, तर केमिस्ट. फादर गोर्मन यांच्या मागे एक माणूस जाताना आपण पाहिला, आपण एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाही, असे स्वतःहून पोलिसांना सांगायला येणारा ऑस्बॉर्न. तो आपली साक्ष इतकी रंगवतो, की व्हेनेबल्स नावाच्या, पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या श्रीमंत गृहस्थाला तो फादरच्या मागे चालवून दाखवतो, आणि मग आपलेच खरे करण्यासाठी त्याच्या अपंगत्वाचे सोंग असल्याचे सुचवू लागतो. इन्स्पेक्टर लेज्यूनला त्याची ही हौसच खटकते. ऑस्बॉर्नमागे एक खरा माणूस आहे. पहिल्या महायुद्धात ख्रिस्तीबाई टॉर्की येथील रुग्णालयात आधी परिचारिकेचे आणि मग औषधे तयार करण्याचे, म्हणजे आपण ज्याला कंपाउंडरचे काम म्हणतो ते, काम करीत होत्या आणि १९१७ साली त्यांनी त्याची परीक्षाही दिली. त्या काळात त्यांना शिकवणाऱ्या एका औषधविक्रेत्याने खिशातून कुरारे या विषाचा तुकडा काढून दाखवला आणि तो जवळ बाळगल्याने आपल्याला सामर्थ्य वाटते असे सांगितले. आत्मचरित्रात त्यांनी लिहिले आहे, की हा माणूस मनात दडून राहिला आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी ‘द पेल हॉर्स’ सुचली तेव्हा तो तिथेच होता. लोक चेटकिणीला घाबरत राहतात आणि सामर्थ्याची खरी भूक पांढरा कोट घालून गल्ल्यामागे उभी असते, ही रचना मला त्यांच्या सर्वांत धारदार रचनांपैकी वाटते.

दोष आहेत. योगायोग फार आहेत: कॉफीच्या दुकानात तीच मुलगी, यादीत स्वतःचीच धर्ममाता, पोलीस सर्जन जुना मित्र. मार्क आणि जिंजर यांचे प्रेम घाईघाईने उरकले आहे आणि मिसेस ऑलिव्हरसारखे झकास पात्र फार थोडा वेळ भेटते. तरीही विषाची लक्षणे इतकी अचूक उतरली आहेत, की त्यामुळे पुस्तकाबाहेरचा एक जीव वाचला. १९७७ साली कतारहून एकोणीस महिन्यांची एक मुलगी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात आणली गेली आणि तिला काय झाले आहे हे डॉक्टरांना कळेना. तिची देखभाल करणारी परिचारिका त्या दिवसांत ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. मुलीचे केस गळत असल्याचे पाहून तिने थॅलियमची शंका बोलून दाखवली आणि तपासणीत ती खरी ठरली. घरात झुरळे आणि उंदीर मारण्यासाठी वापरलेल्या औषधातून ते विष मुलीच्या पोटात गेले होते. ती बरी झाली. डॉक्टरांनी या रुग्णाविषयी वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना परिचारिकेचे आणि ख्रिस्तीबाईंचे आभार मानले, परंतु ख्रिस्तीबाई त्याआधी, जानेवारी १९७६ मध्ये, वारल्या होत्या.

आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते असा समज पसरवून तिचे जगणे कठीण करणे हा त्यात गुन्हा ठरवलेला आहे. या तरतुदीविषयी वाचताना मला धाकट्या आजोबांच्या त्या भाऊबंदांचे घर आठवले. त्या घराशी आमच्या आजोळचा पाण्याचाही व्यवहार पुढे कितीतरी वर्षे बंद होता, आणि तिथली मुले खळ्यात आली की त्यांना हाकलले जाई. धाकट्या आजोबांना कुणी विष घातले असे मी म्हणत नाही. बहुधा एखाद्या साध्या, वेळेवर औषध मिळाले असते तर बऱ्या झालेल्या आजारानेच ते गेले असतील. गेल्या मे महिन्यात आजोळी गेलो असता थोरल्या मामींना मी विचारले, की त्यांना नेमके काय होत होते, ताप येत होता का, पाय दुखत होते का, जेवण जात होते का, डॉक्टर किती वेळा आले. मामींनी खूप आठवून पाहिले आणि काही सांगता येईना, तेव्हा त्या उठल्या आणि मला मागल्या दारी नेऊन, आता पडझड झालेल्या गोठ्याच्या डाव्या खांबापाशी ते लिंबू कुठे सापडले होते, ती जागा त्यांनी दाखवली.